मुका कीं बहिरा?

[नभोवाणीवर केलेलें भाषण]

घरांतलें बोलतें-चालतें माणूस एके दिवशीं हांकेला ओ देईनासें झालें, तर आपण लागलींच त्याच्यावर शस्त्रक्रिया करावयास धांवत नाहीं. आधीं जवळ जातों. त्यास झोंप लागली आहे काय, ऐकूं येत नाहीं काय, घसा बसला आहे काय, कीं दुसऱ्याच कोणाशीं बोलण्यांत तें गुंतलें आहे, याची विचारपूस करतों. हें तारतम्य माणसांच्या बाबतींत आपल्या अंगवळणीं पडलेलें असतें. परंतु घरांतलें यंत्र बोलेनासें झालें कीं तें कोठें जातें कोण जाणे! यंत्र मुकें झालें कीं बहिरें झालें, हें न पाहतांच आपण त्याचे स्क्रू काढूं लागतों. जुन्या संगणकाला जोडलेला मोडेम एकाएकीं प्रतिसाद देईनासा झाल्यास त्याची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी, हें आज मला आपणांस सांगावयाचें आहे. आणि तो क्रम चुकला म्हणजे काय गमवावें लागतें, हेंहि सांगावयाचें आहे.

मोडेमाचें नांव ऐकून कित्येक श्रोते हंसतील. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. त्यानंतरचीं कांहीं वर्षें टेलिफोनच्या तारेवरून किंचाळत आणि घरघरत जाणारा तो आवाज ज्यांनीं ऐकला आहे, ते तो विसरणार नाहींत. घरांतल्या एकानें इंटरनेट लावलें कीं बाकीच्यांचा टेलिफोन बंद. आणि तासभर फोन लागला नाहीं म्हणून परगांवचे मामा रागावलेले! तो काळ सरला. अमेरिकेंतील ए. ओ. एल्. या कंपनीनेंहि आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली. मग गेलेल्या यंत्राचें हें श्राद्ध आज कशासाठीं?

त्याचें कारण माझे एक वृद्ध स्नेही. ते निवृत्त शिक्षक असून आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणतों. त्यांच्या घरीं १९९९ सालचा एक संगणक आहे. विंडोज ९८ या प्रणालीवर तो चालतो. मास्तरांच्या पत्नी त्या संगणकावर मराठींत पत्रें लिहीत आणि अमेरिकेंत असलेल्या मुलीला पाठवीत. पांच वर्षांत तीनशेंच्या वर पत्रें झालीं. त्या बाईंना जाऊन आतां बरींच वर्षें लोटलीं. मुलीजवळचीं पत्रें तिच्या तिकडच्या संगणकाबरोबर नाहींशीं झालीं, आणि तिनें आईचीं पत्रें वडिलांकडे मागितलीं. संगणक सुरू झाला, पत्रें पडद्यावर दिसलीं. परंतु त्यांना बाहेर काढण्यास वाट सांपडेना. फ्लॉपी चालविणारा भाग बिघडलेला; पेनड्राइव्ह लावला तर विंडोज ९८ त्याला ओळख देईना. उरला मोडेम. माझ्याजवळहि एक जुना संगणक व जुना मोडेम आहे, हें मास्तरांना ठाऊक होतें. त्यांच्या मोडेमानें माझ्या मोडेमाला टेलिफोन करावा आणि पत्रें तारेवरून माझ्या घरीं यावींत, अशी त्यांची कल्पना. आणि ती मुळींच चुकीची नव्हती. परंतु मोडेमच बोलेना. शेजारच्या एका मुलानें सल्ला दिला, "आजोबा, सगळें पुसून विंडोज नव्यानें घालूं या, म्हणजे मोडेम आपोआप चालूं लागेल." मास्तरांनीं हें मला टेलिफोनवर सांगितलें, तेव्हां मी जवळजवळ ओरडलोंच, "मास्तर, त्या यंत्राला कोणाला हात लावूं देऊं नका! मी येतों."

मी ओरडलों, त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण होता. २००१ सालीं दिवाळीच्या आधीं झाडलोट करतांना आम्हीं घरांतलें टेबल हलविलें, आणि त्या दिवसापासून माझा मोडेम बोलेनासा झाला. दुरुस्तीसाठीं आलेल्या गृहस्थांनीं दोन-तीन प्रयोग केले, मान हलविली, आणि हार्ड डिस्क पुसून प्रणाली नव्यानें बसवावी लागेल असें सांगितलें. मीं संमति दिली; दोष माझाच. वडिलांनीं सांगितलेल्या आठवणी दोन वर्षें दर रविवारीं मीं त्या संगणकावर टिपून घेतल्या होत्या. वडील त्याच वर्षीं उन्हाळ्यांत वारले होते. त्या टिपणांची दुसरी प्रत नव्हती. सर्व पुसून झाल्यावरहि मोडेम गप्पच! दुसऱ्या दिवशीं टेबलामागें वांकून पाहिलें, तों संगणकाकडून मोडेमाकडे जाणाऱ्या केबलचे स्क्रू सैल होऊन तिचें टोंक अर्धें बाहेर आलेलें. तें मीं दाबून बसविलें. मोडेमानें तत्काळ उत्तर दिलें. तेव्हांपासून मीं एक नियम पाळीत आलों आहें. जी कृति उलटवितां येते ती आधीं करावी. जी उलटवितां येत नाहीं ती अगदीं शेवटीं ठेवावी.

म्हणून मास्तरांकडे गेल्यावर पहिली गोष्ट जी मीं सांगितली ती मोडेमाची नव्हेच. पत्रें मोडेमांत नसतात, हार्ड डिस्कमध्यें असतात. संगणक बंद करून ती डिस्क बाहेर काढली, तर एका लहानशा जोडणीच्या साहाय्यानें ती हल्लींच्या संगणकाला लावतां येते आणि तिच्यावरील सर्व मजकूर उतरून घेतां येतो. ज्यांना केवळ कागदपत्रें हवीं आहेत त्यांनीं हाच मार्ग धरावा. ती जोडणी मीं लगेच मागविली. परंतु ती येण्यास आठवडा होता, आणि मास्तरांस धीर नव्हता. मोडेमाची परीक्षा नीट क्रमानें केली तर डिस्कवरील एक अक्षरहि पुसावें लागत नाहीं. म्हणून मधल्या वेळांत ती करण्यास हरकत नव्हती.

आतां मोडेम करतो काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकाची सारी भाषा शून्य आणि एक या दोन अंकांची. टेलिफोनची व्यवस्था मात्र माणसाच्या आवाजासाठीं केलेली. सेकंदाला सुमारें ३०० ते ३,४०० कंपनांच्या दरम्यानचा आवाजच तींतून नीट जातो. मोडेम संगणकाच्या अंकांना स्वरांचें रूप देतो आणि पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हां अंक करतो. पहिली क्रिया मॉड्युलेशन, दुसरी डीमॉड्युलेशन. या दोन शब्दांच्या आरंभींचीं अक्षरें जोडून मोडेम हें नांव बनलें. १९६२ सालच्या बेल १०३ या मोडेमाची गति सेकंदास ३०० बिटांची होती. १९९८ सालच्या व्ही. ९० या पद्धतीनें ती ५६,००० पर्यंत नेली. परंतु आपल्या कामाची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. १९८१ सालीं अमेरिकेंतील हेज या कंपनीनें एक मोडेम काढला. त्यास कळफलकावरून साध्या अक्षरांत आज्ञा देतां येत असे. प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं ए आणि टी हीं दोन इंग्रजी अक्षरें यावयाचीं. 'लक्ष द्या' अशा अर्थाच्या शब्दाचा तो संक्षेप होय. पुढें बहुतेक सर्व मोडेमांनीं हीच भाषा उचलली. आपण 'एटी' म्हणावें, मोडेमानें 'ओके' म्हणावें. ही हांक आणि ही ओ, एवढ्यावर सारी परीक्षा उभी आहे.

संगणक ही बातमी आपणांस फार कोत्या शब्दांत देतो. 'मोडेम प्रतिसाद देत नाहीं' एवढेंच वाक्य पडद्यावर येतें. त्या एका वाक्याच्या पोटांत निदान पांच निरनिराळे रोग असूं शकतात. मोडेमाला वीजच मिळत नसेल. मोडेम जिवंत असून हांक त्याच्यापर्यंत पोंचत नसेल. हांक पोंचत असून तो दुसऱ्याच संभाषणांत गुंतला असेल. ऐकत असून बोलण्यास त्यास कोणीं मनाई केली असेल. किंवा त्याचा मेंदू खरोखरच बंद पडला असेल. शेवटच्या रोगावर उपाय नाहीं. पहिल्या चारांवर आहे. तेव्हां पहिले चार पाहिल्याशिवाय पांचव्याचें नांव घेऊं नये.

आरंभ विजेपासून करावा. बाहेरून जोडण्याच्या मोडेमाच्या दर्शनी बाजूस बारीक दिव्यांची एक रांग असते. पुष्कळांनीं तिच्याकडे शोभेची वस्तु म्हणूनच पाहिलें असेल. वास्तविक मोडेमाची नाडी ती हीच. एम्. आर्. हा दिवा लागला म्हणजे मोडेम जागा आहे. टी. आर्. लागला म्हणजे संगणकानें बोलण्याची तयारी केली आहे. एस्. डी. हा संगणकाकडून अक्षर आलें कीं लुकलुकतो आणि आर्. डी. हा संगणकाकडे अक्षर गेलें कीं लुकलुकतो. ओ. एच्. लागला म्हणजे मोडेमानें टेलिफोन उचलला आहे, आणि सी. डी. लागला म्हणजे पलीकडच्या मोडेमाचा स्वर त्यास मिळाला आहे. एकहि दिवा लागत नसेल तर प्रथम भिंतीवरचा प्लग आणि अ‍ॅडॅप्टर पाहावा. जुना अ‍ॅडॅप्टर आंतून वाळून निकामी होणें ही नेहमींची गोष्ट आहे. मात्र हाताला लागेल तो दुसरा अ‍ॅडॅप्टर त्या जागीं लावूं नये. कांहीं मोडेमांस एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो, तर कांहींस उलटसुलट वाहणारा. व्होल्टेजहि निरनिराळें असतें. मोडेमाच्या पाठीवर अथवा बुडाशीं तें छापलेलें असतें. तें वाचूनच जोड शोधावी.

दिवे लागत असले तरी पुढें जाण्यापूर्वीं मोडेमाची वीज अर्धा मिनिट पूर्ण बंद करून पुन्हां सुरू करावी. बाहेरच्या मोडेमाला स्वतःचा लहानसा मेंदू व स्वतःची वीज असते. संगणक दहा वेळां बंद केला तरी मोडेम आपल्या जुन्याच गोंधळांत राहूं शकतो. संगणकाच्या पोटांत बसविलेल्या कार्डाच्या मोडेमास हा उपाय करावयाचा, तर संगणक पूर्ण बंद करून थोडा वेळ थांबावें. नुसतें रीस्टार्ट पुरेसें होईलच असें नाहीं. पुष्कळ मोडेम या एवढ्याच विश्रांतीनें ताळ्यावर येतात.

मास्तरांच्या मोडेमाचा एम्. आर्. लागत होता; विश्रांति देऊनहि तो गप्पच होता. तेव्हां आम्हीं दुसऱ्या पायरीवर आलों : हांक पोंचते कीं नाहीं? यासाठीं इंटरनेटचा प्रोग्रॅम उघडावयाचा नाहीं. विंडोज ९५, ९८ आणि एक्स्. पी. यांच्याबरोबर हायपरटर्मिनल नांवाचा एक साधा प्रोग्रॅम मिळत असे. तो उघडावा, मोडेम ज्या पोर्टाला जोडला आहे तें पोर्ट, उदाहरणार्थ कॉम १, थेट निवडावें, आणि एटी हीं अक्षरें लिहून एंटरची कळ दाबावी. दोन्ही अक्षरें मोठीं तरी असावींत, नाहीं तर दोन्ही लहान. एक मोठें व एक लहान लिहिल्यास मोडेम ती आज्ञा मानीत नाहीं. प्रोग्रॅमनें पोर्ट उघडतांच टी. आर्. हा दिवा लागला पाहिजे. २००१ सालीं माझ्या मोडेमावर हाच दिवा लागत नव्हता. तो तेथें समोर होता, आणि त्याच्याकडे पाहण्याची बुद्धि आम्हां दोघांपैकीं कोणासहि झाली नाहीं.

समजा, टी. आर्. लागला नाहीं, किंवा लागला पण अक्षर दाबतांना एस्. डी. लुकलुकला नाहीं. याचा अर्थ हांक वाटेंतच अडली आहे. मग केबल दोन्हीकडून काढून घट्ट बसवावी. ती मोडेमासाठीं असलेली सरळ केबल आहे ना, हेंहि पाहावें. दोन संगणक एकमेकांस जोडण्याची केबल दिसावयास तशीच असते, पण तिच्या आंतल्या तारा उलटसुलट गुंफलेल्या असतात. तरीहि काम झालें नाहीं, तर एक सुंदर चांचणी आहे. मोडेम सोडवून बाजूस ठेवावा, केबल संगणकालाच राहूं द्यावी, आणि तिच्या मोकळ्या टोंकाची दोन आणि तीन क्रमांकाची टोंचणी तारेच्या बारीक तुकड्यानें जोडावी. नऊ टोंचण्यांची केबल असो कीं पंचवीस, क्रमांक हेच. मग हायपरटर्मिनलमध्यें हार्डवेअरचें प्रवाहनियंत्रण बंद करून कोणतेंहि अक्षर दाबावें. तें अक्षर दोन क्रमांकावरून निघून तीनवर, किंवा तीनवरून निघून दोनवर परत येतें आणि पडद्यावर उमटतें. उमटलें तर संगणक व केबल निर्दोष. तार काढून टाकतांच उमटेनासें झालें पाहिजे, म्हणजे खात्री पटते. एका तारेच्या तुकड्यानें अर्धा संशय कायमचा फिटतो.

अक्षर उमटलें नाहीं तर दोष संगणकाच्या बाजूस. तेथेंहि विंडोजवर राग काढण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. एक, दुसराच एखादा प्रोग्रॅम, विशेषतः फॅक्सची वाट पाहत बसलेला, त्या पोर्टावर ठाण मांडून बसलेला असतो. तो बंद केला कीं वाट मोकळी होते. दुसरी गोष्ट, संगणकाच्या आंतील नाण्याएवढी बॅटरी. दर वेळीं संगणक सुरू केल्यावर घड्याळ कित्येक वर्षें मागची तारीख दाखवीत असेल, तर ती बॅटरी संपली आहे, आणि तारखेबरोबर पोर्टांविषयींच्या नोंदीहि पुसल्या गेल्या असण्याचा संभव आहे. बॅटरी बदलून त्या नोंदी पुन्हां तपासाव्या. तिसरी गोष्ट पोटांतल्या मोडेमांची. जुन्या संगणकांत कॉम १ आणि कॉम ३ यांना मिळून एकच घंटा असे, तिला आय्. आर्. क्यू. ४ म्हणत, कॉम २ आणि कॉम ४ यांची घंटा आय्. आर्. क्यू. ३. कॉम १ वर माउस आणि कॉम ३ वर मोडेम अशी मांडणी झाली, म्हणजे घंटा कोणाची वाजली हें संगणकास कळेना. मग मोडेम सुरू करावा तों माउस खिळून बसे, माउस हलवावा तों मोडेम गप्प होई. मोडेमास कॉम २ अथवा कॉम ४ वर हलविलें कीं भांडण मिटे.

पोटांतल्या मोडेमाविषयीं आणखी दोन शब्द. संगणक बंद करून, भिंतीवरचा प्लग काढून आणि टेलिफोनची तार सोडवून, कार्ड खांचेंतून बाहेर काढावें, त्याच्या सोनेरी कडा मऊ खोडरबरानें हलकेच पुसाव्या आणि तें पुन्हां घट्ट बसवावें. टेलिफोनची तार सोडविण्यास विसरूं नये. तींत एरवीं ४८ व्होल्टांच्या आसपास दाब असतो, आणि घंटा वाजतांना तो बराच वाढतो. दुसरें असें कीं, स्वस्त मोडेमांपैकीं पुष्कळांस स्वतःचा मेंदू जवळजवळ नसतोच; त्यांचें बहुतेक काम संगणकाकडूनच करून घेतलें जातें. असा मोडेम त्याच्यासाठीं लिहिलेला ड्रायव्हर नसेल तर एटी म्हटलें तरी उत्तर देत नाहीं. तेथें कार्डावरील क्रमांक वाचून योग्य ड्रायव्हर शोधणें हाच उपाय. तो पुन्हां बसविण्यासाठीं सारी डिस्क पुसण्याचें कारण नाहीं.

मास्तरांच्या घरीं मात्र प्रकार निराळा होता. टी. आर्. लागला. मास्तरांनीं चष्मा सांवरून ए आणि टी दाबले. प्रत्येक अक्षरासरशीं एस्. डी. लुकलुकला. हांक पोंचत होती. पण आर्. डी. अंधारांत, आणि पडदा कोरा. मास्तर म्हणाले, "संपलें! हा कांहीं आतां बोलत नाहीं." मीं म्हटलें, "मास्तर, तो बोलत नाहीं हें खरें. ऐकतो कीं नाहीं, तें अजून पाहावयाचें आहे."

ऐकूनहि उत्तर न देण्याचीं दोन कारणें असतात. पहिलें हें कीं, मोडेम अजून मागच्या संभाषणांतच आहे. एकदां पलीकडच्या मोडेमाशीं जोड झाली कीं आपण लिहिलेलें प्रत्येक अक्षर तो मजकूर समजून पुढें धाडतो; मग एटी ही आज्ञा आहे हें त्यास कळावें कसें? यासाठीं एक संकेत आहे. सेकंदभर कांहींहि लिहूं नये, मग अधिकचें चिन्ह तीन वेळां लागोपाठ दाबावें, पुन्हां सेकंदभर स्वस्थ राहावें. एंटर दाबूं नये. मोडेम संभाषणांतून मान वळवून आपल्याकडे पाहतो आणि ओके म्हणतो. मग एटीएच् म्हटलें कीं टेलिफोन खालीं ठेवतो. मास्तरांच्या मोडेमाची वीज आम्हीं नुकतीच बंद करून सुरू केली होती, म्हणून हें कारण संभवत नव्हतें.

दुसरें कारण चमत्कारिक आहे. मोडेमाच्या आज्ञावलींत क्यू १ अशी एक आज्ञा आहे. तिचा अर्थ, 'काम कर, पण उत्तर देऊं नकोस.' तिच्याच जोडीला ई ० ही आज्ञा असते, म्हणजे आम्ही लिहिलेलें आम्हांस परत दाखवूं नकोस. कांहीं प्रोग्रॅम आपल्या सोयीसाठीं या आज्ञा देतात. आणि त्या मोडेमाच्या कायमच्या स्मरणांत नोंदल्या गेल्या कीं वीज घालवूनहि त्या जात नाहींत. मोडेमानें मौनव्रत घेतलेलें असतें. तें कोणीं दिलें हें मागाहून कोणास आठवत नाहीं. संगणक बिचारा ओकेची वाट पाहतो, आणि ती न आली कीं मोडेम प्रतिसाद देत नाहीं असें जाहीर करून मोकळा होतो.

हें मौन कीं मरण, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. उत्तर मागूं नये, काम सांगावें. मीं मास्तरांस एटीएच् १ असें लिहावयास सांगितलें. त्याचा अर्थ 'टेलिफोन उचल.' पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं. मास्तरांनीं एंटर दाबलें, आणि मोडेमाच्या पोटांत 'टक्' असा आवाज होऊन ओ. एच्. चा दिवा लागला. मास्तर खुर्चींत मागें टेकले. चाळीस वर्षें वर्गांतलीं मुलें पाहिलेले ते गृहस्थ! म्हणाले, "म्हणजे हा बहिरा नाहीं, नुसता मुका आहे. असा एक मुलगा माझ्या वर्गांत होता. तोंडीं विचारलें तर उत्तर देत नसे, फळ्यावर गणित घातलें कीं बिनचूक सोडवी."

पुढचें काम एका ओळीचें होतें. एटी, त्यापुढें दुकानांच्या पाट्यांवर दोन भागीदारांच्या नांवांमध्यें असतें तें अँडचें चिन्ह, आणि एफ. या आज्ञेनें मोडेम कारखान्यांतून निघतांना जसा होता त्या स्थितीला जातो. येथें एक चूक पुष्कळ जण करतात. ते एटीझेड देतात आणि फरक पडला नाहीं म्हणून मोडेम टाकून देतात. परंतु झेडनें मोडेम आपल्या साठविलेल्या नोंदी पुन्हां वाचतो. आणि मौनाची आज्ञा त्या नोंदींतच असेल तर तो पुन्हां मौन धरतो. म्हणून आधीं एफ. त्यानंतर आम्हीं एटी, ई १, क्यू ०, व्ही १ असें एकत्र लिहिलें. म्हणजे लिहिलेलें दाखव, उत्तर दे, आणि तें शब्दांत दे. आर्. डी. लुकलुकला, आणि पडद्यावर दोन अक्षरें आलीं : ओके. शेवटीं अँडचें चिन्ह व डब्ल्यू देऊन ही स्थिति मोडेमाच्या स्मरणांत नोंदवून टाकली.

संगणक आणि मोडेम यांचें जुळलें. आतां उरली टेलिफोनची तार. डायल करतांच मोडेमानें 'नो डायलटोन' असें कळविलें. ही निराळी तक्रार आहे आणि तिचा संगणकाशीं संबंध नाहीं, हें ध्यानांत ठेवावें; मोडेम आतां बोलतो आहे, एवढेंच नव्हे तर आपली अडचण सांगतो आहे. अशा वेळीं भिंतीवरच्या त्याच डबींत साधा टेलिफोन लावून डायल टोन ऐकावा. दुसऱ्या खोलींतील जोडटेलिफोनचा रिसीव्हर बाजूस पडला नाहीं ना, तें पाहावें. पावसाळ्यांत डबीच्या आंतले स्क्रू हिरवे होतात आणि आवाजांत खरखर येते. ती माणसास सोसते, मोडेमास सोसत नाहीं. मोडेम परदेशीं बनावटीचा असून इकडचा टोन त्यास ओळखतां येत नसेल, तर एटीएक्स् ३ दिल्यानें तो टोनची वाट न पाहतां डायल करतो. आणि वळवाच्या विजांचा एक विशेष सांगतों. टेलिफोनच्या तारेवरून आलेला विजेचा लोट कित्येकदां मोडेमाची तारेकडची बाजू तेवढी जाळतो. मेंदू शाबूत राहतो. असा मोडेम एटीला ओके म्हणतो, पण चांगल्या तारेवरहि डायल टोन त्यास कधींच मिळत नाहीं. त्याला मात्र रजा द्यावी. आकाशांत ढग गडगडूं लागले कीं मोडेमाची टेलिफोनची तार काढून ठेवावी, हें यावरून उघड आहे.

मास्तरांच्या बाबतींत यांपैकीं कांहींच नव्हतें. मोडेमाच्या पाठीवर दोन सारखीं भोंकें असतात, एक तारेसाठीं व एक टेलिफोनसाठीं. मास्तरांनीं तार टेलिफोनच्या भोंकांत घातली होती. ती बदलतांच डायल टोन मिळाला. त्यांच्याकडे आणि माझ्याकडे अद्याप तांब्याच्या तारेचा टेलिफोन आहे, हें आमचें भाग्य. आतां पुष्कळ ठिकाणीं प्रकाशतंतूवरून टेलिफोन येतो. तेथें आवाजाचे अंक करून ते आटोपशीर केले जातात, आणि मोडेमाचे नाजूक स्वर त्यांत बिघडतात. अशा टेलिफोनवर मोडेम डायल करील, पण जोड टिकेलच असें नाहीं. मोडेमाची गति मुद्दाम कमी ठरवून प्रयत्न करावा.

मीं पुढच्या आज्ञा एका कागदावर मास्तरांस लिहून दिल्या आणि घरीं परत आलों. माझ्या मोडेमास पहिल्याच घंटेला उत्तर देण्याची आज्ञा दिली. रात्रीं नऊच्या सुमारास घंटा वाजली, ते जुने स्वर घरांत घुमले, आणि पडद्यावर जोड झाल्याची ओळ आली, गति २६,४००. व्ही. ९० ची ५६,००० ही गति दोन साध्या टेलिफोनांमध्यें मिळत नसते. त्यासाठीं एक टोंक अंकीय तारेवर असावें लागतें. दोन घरगुती मोडेमांमध्यें ३३,६०० ही परमावधि. सारीं पत्रें मिळून बारा लाख बाइटांच्या आसपास होतीं; सात-आठ मिनिटांत तीं माझ्याकडे आलीं. पाठविण्यासाठीं आम्हीं झेडमोडेम ही पद्धति वापरली होती. जोड मध्येंच तुटली तर राहिलेल्या जागेपासून पुढें पाठविण्याची सोय तींत असते. पत्रांच्या पाठोपाठ त्या वेळच्या मराठी फॉन्टची फाइलहि मागवून घेतली. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वींचीं पत्रें त्यांच्या फॉन्टाशिवाय उघडलीं, तर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा नुसता खच दिसतो. जुनें मराठी लेखन जपूं इच्छिणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

टेलिफोन मोकळा झाल्यावर मास्तरांचा फोन आला. पत्रें पोंचलीं का, हें त्यांनीं आधीं विचारलें नाहीं. ते म्हणाले, "तो आवाज झाला ना, तेव्हां मला वाटलें, ही आंत पत्र पाठवीत बसली आहे." मग थोडें थांबून म्हणाले, "किती आलीं?" मीं मोजून ठेवलीं होतीं. सांगितलें, "तीनशें बारा. सगळीं."

पुढच्या आठवड्यांत ती जोडणीहि आली, आणि डिस्कवरील सर्व मजकुराच्या दोन प्रती करून त्या दोन घरीं ठेवल्या. मुलीस पत्रें मिळालीं आहेत.

श्रोतेहो, आपणांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं आतां मोडेम असेल. परंतु न बोलणारें एखादें यंत्र प्रत्येकाच्या घरीं केव्हां ना केव्हां असणारच. त्या वेळीं त्याचे दिवे पाहा, केबल दाबून पाहा, उत्तर मिळत नसेल तर काम सांगून पाहा. आणि आंत कोणाचें काय ठेवलेलें आहे, हें आठवल्याशिवाय कोणासहि तें पुसूं देऊं नका. माझ्या वडिलांच्या आठवणींतलें एक पानहि आज माझ्याजवळ नाहीं. मास्तरांकडे तीनशें बारा पत्रें आहेत. या दोहोंत अंतर होतें तें केवळ एका तासाच्या धिमेपणाचें.